बुरशीचं नाव आणि औषधाचा आकडा: मायकॉलॉजीच्या बेंचवर नव्याने येणाऱ्यांसाठी

बुरशीच्या नमुन्यावर काम करताना तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. नमुन्यात बुरशी आहे का आणि आजार तिच्यामुळेच झालाय का? ती नेमकी कोणती? आणि तिच्यावर कोणतं औषध चालेल? हे प्रश्न याच क्रमाने सोडवायचे असतात. नव्याने आलेल्यांचं लक्ष बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाकडे असतं, कारण एमआयसीचा, म्हणजे बुरशीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या सर्वांत कमी तीव्रतेचा, आकडा ठोस वाटतो. पण पहिली दोन उत्तरं चुकलेली असतील तर तो आकडा रुग्णाच्या काहीच कामाचा नाही, उलट चुकीच्या औषधाकडे नेणारा आहे. म्हणून या लेखात मी नमुना आणि ओळख यांना जास्त जागा दिली आहे.

कामाला बसण्याआधी

तंतुमय बुरशीचे बीजाणू हवेतून पसरतात. तशी वाढ दिसणारी प्लेट किंवा ट्यूब फक्त क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडायची. कल्चरचा वास कधीही घ्यायचा नाही. दीर्घकाळ ठेवायच्या कल्चरसाठी शक्यतो प्लेटऐवजी स्लँट (ट्यूबमध्ये तिरपं गोठवलेलं माध्यम) वापरा: ती लवकर सुकत नाहीत आणि चुकून उघडण्याचा धोकाही कमी. प्लेट वापरलीच तर कडेने टेप किंवा पॅराफिल्म लावा.

हिस्टोप्लाझ्मा, ब्लास्टोमायसिस आणि कॉक्सिडिऑइड्स या द्विरूपी बुरश्या शरीरात यीस्ट किंवा गोलकाच्या रूपात असतात, पण २५ अंशांवर तंतुमय वाढतात आणि त्याच रूपात प्रयोगशाळेतल्या माणसांना संसर्ग करतात. कॉक्सिडिऑइड्स यात सर्वांत धोकादायक. रुग्णाचा प्रवास, आजाराचा कालावधी, एचआयव्हीची स्थिती हे फॉर्मवर लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. पांढरी, कापसासारखी वाढ दिसली आणि अशी शंका आली, तर स्लाइड कल्चर (स्लाइडवरच बुरशी वाढवणं) अजिबात लावू नका. ती ट्यूब बंद ठेवून वरिष्ठांकडे, आणि गरज असेल तर बीएसएल-३ (तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीची) सुविधा असलेल्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवा.

पायरी १: नमुना तपासूनच घ्या

अर्धं निदान नमुन्यातच असतं. त्वचेचा नमुना चट्ट्याच्या वाढत्या कडेवरून खरवडलेला हवा, मधल्या बऱ्या होत आलेल्या भागातून नको. नखाचं फक्त टोक कापून आणलं असेल तर बुरशी बहुधा हाती लागत नाही. नखाखालचा भुसा, तोही निरोगी भागाच्या जितक्या जवळून मिळेल तितका चांगला. केस मुळासकट उपटलेले हवेत, कापलेले चालत नाहीत. हे तिन्ही नमुने कोरड्या कागदी पुडीत, खोलीच्या तापमानाला ठेवायचे. बंद ओलसर डबीत जिवाणू माजतात.

ऊती आणि पू निर्जंतुक डबीत, थोड्या सलाइनमध्ये, लगेच पाठवायला सांगा. फॉर्मॅलिनमध्ये आलेला तुकडा कल्चरसाठी बाद. म्यूकरमायकोसिसची (म्यूकरेलीस गटाच्या बुरशीच्या संसर्गाची) शंका असलेला नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, आणि मेंदूतलं पाणी, म्हणजे सीएसएफही नाही. कापसाचा स्वॅब हा सगळ्यांत वाईट नमुना: त्यात माल कमी असतो, आणि कापसाचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली थेट हायफासारखे, म्हणजे बुरशीच्या तंतूंसारखे, दिसतात.

ऊतीवर प्रक्रिया करताना एक गोष्ट पक्की ठरवा. म्यूकरेलीस गटाची शंका असेल तर तुकडा स्काल्पेलने बारीक चिरायचा, खलबत्त्यात कुटायचा नाही. या बुरशीच्या तंतूंमध्ये पडदे जवळजवळ नसतात. कुटल्यावर तंतू फुटतात, आतलं सगळं बाहेर येतं, आणि मग केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली) बुरशी दिसते पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. याउलट हिस्टोप्लाझ्मा पेशींच्या आत लपलेला असतो, तिथे तुकडा चांगला कुटल्यानेच तो बाहेर येतो. दोन्ही शंका असतील तर नमुना वाटून दोन्ही पद्धती करा.

पायरी २: त्याच दिवशी सूक्ष्मदर्शक

माझ्या मते संपूर्ण मायकॉलॉजीत रुग्णाला सर्वांत जास्त उपयोगी पडणारी तपासणी हीच आहे. कल्चरला दिवस किंवा आठवडे लागतात. केओएच माउंट अर्ध्या-पाऊण तासात सांगतो की बुरशी ऊतीच्या आत आहे की नाही.

त्वचेसाठी १० ते २०% केओएच, नखांसाठी २० ते ४०%. नमुन्यावर एक थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा, आणि दमट पेटीत थांबा. त्वचेला १०-२० मिनिटं पुरतात, पण जाड नखाचा भुसा केओएचमध्ये ट्यूबमध्येच रात्रभर ठेवलेला बरा. ज्योतीवर हलकी ऊब देता येते, पण उकळी आली की स्फटिक तयार होतात आणि स्लाइड वाया जाते. बघताना कंडेन्सर खाली घ्या आणि डायफ्रॅम लहान करा. जास्त उजेडात हायफा दिसेनासे होतात. १०एक्सवर पूर्ण कव्हरस्लिप फिरून घ्या, शंका आली तिथे ४०एक्स.

कॅल्कोफ्लोर व्हाइट हा रंग आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर जरूर वापरा. तो बुरशीच्या भित्तिकेतल्या कायटिनला चिकटतो आणि बुरशी चमकते. मात्र तो सेल्युलोजलाही चिकटतो, त्यामुळे कापसाचा धागाही तितकाच छान चमकेल. आकार पाहिल्याशिवाय नुसत्या चकाकीवर रिपोर्ट द्यायचा नाही.

काय दिसलं ते नीट लिहायला शिका. 'फंगल एलिमेंट्स सीन' एवढ्यावर थांबलात तर उपचार करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तंतू अरुंद, साधारण ३ ते ६ मायक्रॉन रुंदीचे, समांतर कडांचे, पडदे असलेले, सुमारे ४५ अंशांच्या कोनात फाटे फुटणारे असतील, तर ते ॲस्परजिलससारखे. फ्युझेरियम आणि आणखी काही बुरश्याही अशाच दिसतात, म्हणून 'सारखे'. तंतू रुंद, ६ ते २५ मायक्रॉनचे, फितीसारखे वळलेले, पडदे क्वचितच, फाटे जवळपास काटकोनात असतील, तर म्यूकरेलीसची शक्यता मोठी. हा फरक त्याच दिवशी कळवणं फार महत्त्वाचं आहे, कारण ॲस्परजिलसवर पहिल्या पसंतीचं व्होरिकोनॅझोल म्यूकरेलीसवर चालत नाही. रुंद तंतू दिसले की आधी फोन उचला, नोंद नंतर करा.

मुकुलन होणाऱ्या यीस्ट पेशी आणि त्यांच्यासोबत छद्महायफा (एकमेकींना चिकटून राहिलेल्या लांबट पेशींच्या साखळ्या) दिसले तर कॅन्डिडा. छद्महायफा नसलेल्या, लहान यीस्ट पेशी कॅन्डिडा ग्लाब्राटाच्या असू शकतात. ऊतीत किंवा अस्थिमज्जेत पेशींच्या आत २ ते ४ मायक्रॉनचे अंडाकृती यीस्ट, म्हणजे हिस्टोप्लाझ्मा, शोधायचे असतील तर केओएच उपयोगाचा नाही, जिएम्सा रंग हवा. सीएसएफमध्ये क्रिप्टोकॉकससाठी इंडिया इंक करतात. त्यात लिम्फोसाइटभोवतीची धूसर कड कॅप्सूल समजण्याची चूक सर्रास होते. खऱ्या कॅप्सूलची बाहेरची कड रेखीव असते, पेशीची भिंत ठळक दिसते, आणि शोधलं तर कळी फुटलेली पेशीही सापडते. इंडिया इंक निगेटिव्ह आली तरी क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासा. ती चाचणी कितीतरी अधिक संवेदनशील आहे.

त्वचेच्या केओएचमध्ये पेशींच्या कडांवर जाळीसारखी नक्षी दिसते. तिला 'मोझेक फंगस' म्हणतात, पण ती बुरशी नसते. हायफा पेशींच्या सीमा ओलांडून जातात, ही नक्षी मात्र सीमांवरूनच फिरते.

पायरी ३: कल्चर

साब्युरॉ डेक्स्ट्रोज आगर हे नेहमीचं माध्यम. मूळ कृतीत ४% ग्लुकोज आणि पीएच ५.६ असतो, एमन्स यांच्या सुधारित कृतीत २% ग्लुकोज आणि पीएच ६.९. जिवाणू रोखायला त्यात क्लोरॅम्फेनिकॉल किंवा जेंटामायसिन घालतात. हवेतल्या वेगाने वाढणाऱ्या बुरश्या रोखायला सायक्लोहेक्झिमाइड घालतात, आणि इथे सावध राहायला हवं: ते ॲस्परजिलस फ्युमिगॅटस, म्यूकरेलीस, क्रिप्टोकॉकस आणि काही कॅन्डिडा प्रजातींनाही रोखतं. त्यामुळे सायक्लोहेक्झिमाइड असलेल्या ट्यूबसोबत ते नसलेली ट्यूब नेहमी हवीच. त्वचा, नखं आणि केस यांसाठी दोन्ही लावा. ऊती, सीएसएफ आणि रक्त यांसाठी सायक्लोहेक्झिमाइड नसलेलं माध्यम मुख्य धरा.

खोल संसर्गाचे नमुने २५ ते ३० अंश आणि ३५ ते ३७ अंश अशा दोन तापमानांना ठेवा. त्वचेच्या नमुन्यांना २५ ते ३० अंश पुरे. यीस्ट २-३ दिवसांत येतं. म्यूकरेलीस एक ते तीन दिवसांत झाकणापर्यंत भरते. डर्मॅटोफाइटला (त्वचा, नखं, केस यांत वाढणाऱ्या बुरशीला) दोन-तीन आठवडे लागू शकतात. चार आठवडे झाल्याशिवाय 'वाढ नाही' असा अंतिम रिपोर्ट देऊ नका. पहिल्या आठवड्यात रोज किंवा एक दिवसाआड पाहा, पुढे आठवड्यातून दोनदा.

पायरी ४: उगवलेलं रोगकारक आहे का?

ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम हवेत सगळीकडे असतात. एका प्लेटवर, रेघेपासून दूर, एकुलती एक कॉलनी आली तर ती बहुधा हवेतली. नमुना जिथे लावला त्याच जागी, एकाहून अधिक ट्यूबमध्ये तीच बुरशी आली, आणि थेट सूक्ष्मदर्शकातही तसेच तंतू दिसले होते, तर तिला महत्त्व द्या. नखात डर्मॅटोफाइट आला तर तो कारण मानायला हरकत नाही. डर्मॅटोफाइट नसलेली बुरशी आली तर केओएच पॉझिटिव्ह असणं आणि वेगळ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यातही तीच येणं, दोन्ही हवं.

यीस्टच्या बाबतीत नमुना कुठला यावर सगळं ठरतं. रक्ताच्या बाटलीत आलेला कॅन्डिडा कधीही दूषण समजायचा नाही. एकाच बाटलीत आला तरी तो खरा धरा, ग्रॅम स्लाइडवर यीस्ट दिसताच कळवा. थुंकीत आलेला कॅन्डिडा मात्र जवळपास नेहमी घशातला रहिवासी असतो. त्याची औषध तपासणी केली तर रुग्णाला गरज नसलेलं औषध सुरू होण्याची दाट शक्यता असते. रक्तकल्चर निगेटिव्ह आलं म्हणून खोलवरचा कॅन्डिडा नाकारता येत नाही, आणि ॲस्परजिलस तर रक्तकल्चरमध्ये क्वचितच येतो. अशा वेळी बुरशीच्या भित्तिकेतले घटक शोधणाऱ्या गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन या चाचण्या मदतीला असतात. बीटा-डी-ग्लुकॅनमध्ये म्यूकरेलीस सापडत नाही आणि क्रिप्टोकॉकसवरही विसंबता येत नाही.

पायरी ५: यीस्टचं नाव

आधी शुद्धता. क्रोमोजेनिक आगरवर लावा. एकाच नमुन्यात दोन प्रजाती असतील तर इथेच रंगांवरून कळतात. बहुतेक अशा माध्यमांवर कॅन्डिडा अल्बिकन्स हिरवा, ट्रॉपिकॅलिस निळा, क्रुसेई गुलाबी आणि खरबरीत दिसतो. रंग अंदाज देतो, नाव देत नाही.

जर्म ट्यूब चाचणीसाठी अर्धा मिलिलिटर सीरममध्ये कॉलनीचा अगदी पुसटसा अंश मिसळा, ३७ अंशांवर दोन ते तीन तास ठेवा. कॉलनी जास्त घातली तर अल्बिकन्सही निगेटिव्ह दिसू शकतो. नळीच्या मुळाशी आवळल्यासारखं नसेल तरच पॉझिटिव्ह. तीन तासांहून जास्त ठेवलं तर ट्रॉपिकॅलिसचे छद्महायफा फसवतात. चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे अल्बिकन्स किंवा डब्लिनिएन्सिस.

ट्वीन ८० घातलेल्या कॉर्नमील आगरवर डाल्माउ पद्धतीने रेघ ओढून, वर कव्हरस्लिप ठेवून, २५ अंशांवर ४८ ते ७२ तासांनी थेट प्लेटवरून पाहा. अल्बिकन्सचे गोल, जाड भिंतीचे क्लॅमिडोस्पोर तंतूच्या टोकाशी दिसतात. ग्लाब्राटात छद्महायफाच नसतात. जुनी पद्धत असली तरी ही नक्की शिका. यंत्राने दिलेलं नाव आणि प्लेटवर दिसणारं रूप जुळत नसेल तर काहीतरी चुकतंय, हे हीच सांगते. युरिएज पॉझिटिव्ह यीस्ट असेल तर क्रिप्टोकॉकस, ट्रायकोस्पोरॉन किंवा रोडोटोरुला यांचा विचार करा. नायजर सीड आगरवर क्रिप्टोकॉकसच्या कॉलनी तपकिरी होतात.

कॅन्डिडा ऑरिसबद्दल थोडं सविस्तर. २००९ मध्ये जपानमधून, एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरून तिचं वर्णन झालं. त्यानंतर ती जगभरच्या अतिदक्षता विभागांत पसरली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगकारक बुरश्यांची पहिली प्राधान्ययादी काढली. तिच्यातल्या १९ बुरश्यांपैकी सर्वांत गंभीर गटात ऑरिस, क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, ॲस्परजिलस फ्युमिगॅटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स या चार आहेत. ऑरिस रुग्णाच्या त्वचेवर आणि खाटेच्या कठड्यांवर टिकते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणून नाव चुकलं तर पूर्ण वॉर्डला त्याची किंमत मोजावी लागते. जुने डेटाबेस असलेली जैवरासायनिक यंत्रं तिला कॅन्डिडा हिम्युलोनिआय, रोडोटोरुला ग्लुटिनिस किंवा सॅकरोमायसिस म्हणतात. यंत्राने रोडोटोरुला म्हटलंय पण कॉलनी लालसर नाही, किंवा हिम्युलोनिआय म्हटलंय आणि ती ४२ अंशांवरही वाढतेय, तर थांबा. अद्ययावत लायब्ररीच्या माल्डी-टॉफवर (प्रथिनांच्या वस्तुमानावरून बुरशी ओळखणाऱ्या यंत्रावर) किंवा आयटीएस सिक्वेन्सिंगने (डीएनएच्या ठरावीक भागाच्या क्रमवाचनाने) खात्री करा, आणि तोवर संसर्ग नियंत्रण पथकाला शंका कळवून ठेवा.

नावं बदलत आहेत, हेही ध्यानात ठेवा. ग्लाब्राटा आता नाकासिओमायसिस ग्लाब्राटस आहे, क्रुसेई पिचिया कुद्रियाव्झेव्हिआय. रिपोर्टमध्ये नवं नाव आणि शेजारी जुनं, दोन्ही लिहा. उपचार करणाऱ्याला जुन्या नावावरूनच औषध आठवतं.

पायरी ६: तंतुमय बुरशीचं नाव

कॉलनीचा रंग, पोत, मागच्या बाजूचा रंग आणि वाढीचा वेग आधी वहीत लिहा. मग लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये टीझ माउंट किंवा पारदर्शक चिकटपट्टीचा माउंट करा. बीजाणू कशावर, कसे लागलेत हे पाहायचं असतं, आणि टीझ माउंटमध्ये ही रचना बऱ्याचदा मोडते. तेव्हा स्लाइड कल्चर लावा: बटाटा डेक्स्ट्रोज आगरचा लहान चौकोनी तुकडा स्लाइडवर, चारही कडांना बुरशी, वर कव्हरस्लिप, दमट पेटीत २५ अंशांवर. बीजाणू धरले की कव्हरस्लिप अलगद उचलून रंगाच्या थेंबावर ठेवा.

ॲस्परजिलस फ्युमिगॅटस धुरकट निळसर-हिरवा असतो. फायलाइड्सची (बीजाणू तयार करणाऱ्या पेशींची) एकच रांग, तीही व्हेसिकलच्या (देठाच्या फुगीर टोकाच्या) वरच्या भागावर, आणि कोनिडियांच्या (बीजाणूंच्या) साखळ्या एका स्तंभात. ४५ अंशांनाही वाढतो. फ्लेव्हस पिवळसर-हिरवा, देठ खरबरीत, साखळ्या सगळीकडे पसरलेल्या. नायजर काळा. टेरिअस दालचिनीच्या रंगाचा, आणि त्याचं नाव अचूक देणं विशेष महत्त्वाचं, कारण ॲम्फोटेरिसिन बी त्याच्यावर उपजतच कमी चालतं. केळ्यासारखे वाकलेले, पडदे असलेले मोठे कोनिडिया दिसले तर फ्युझेरियम.

म्यूकरेलीसमध्ये मुळांसारखे रायझॉइड शोधा. स्पोरँजियमच्या (बीजाणूंच्या पिशवीच्या) देठाच्या अगदी खाली असतील तर रायझोपस, दोन देठांच्या मधे असतील तर लिक्टहायमिया, मुळीच नसतील तर म्यूकर. ॲपोफायसोमायसिस नेहमीच्या माध्यमांवर नुसता पांढरा वाढतो, बीजाणू धरत नाही. वाढलेल्या आगरचा तुकडा यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा अंश घातलेल्या निर्जंतुक पाण्यात ३७ अंशांवर ठेवला की बऱ्याचदा धरतो.

डर्मॅटोफाइटमध्ये टोकदार, खरबरीत भिंतीचे मोठे कोनिडिया म्हणजे मायक्रोस्पोरम. गदेसारखे गुळगुळीत, आणि लहान कोनिडिया अजिबात नाहीत, तर एपिडर्मोफायटॉन. ट्रायकोफायटॉनमध्ये लहान कोनिडिया भरपूर. ट्रायकोफायटॉन इंडोटिनिआय ही २०२० मध्ये वेगळी प्रजाती म्हणून वर्णन झालेली बुरशी रूपावरून मेंटॅग्रोफाइट्सपासून वेगळी काढता येत नाही, त्यासाठी आयटीएस सिक्वेन्सिंगच लागतं. तिच्यातल्या अनेक जातींवर (स्ट्रेनवर) टर्बिनाफिन चालत नाही, कारण औषधाचं लक्ष्य असलेल्या स्क्वालीन एपॉक्सिडेज एन्झाइमच्या जनुकात बदल झालेला असतो.

सिक्वेन्सिंगची मर्यादाही माहीत असावी. ॲस्परजिलसच्या जवळजवळच्या प्रजाती आयटीएसवर सुटत नाहीत, तिथे बीटा-ट्युब्युलिन किंवा कॅल्मोड्युलिन जनुक घ्यावं लागतं. फ्युझेरियमला टीईएफ-१ अल्फा.

पायरी ७: औषध तपासणी करायची का?

प्रत्येक बुरशीची करायची नाही. रक्त, सीएसएफ, सांध्यातलं पाणी, खोल ऊती यांतून आलेल्या यीस्टची करा. उपचार चालू असूनही आजार वाढतोय, किंवा ज्या प्रजातीत प्रतिरोध वाढता आहे अशांची करा. उपजत प्रतिरोध असेल तर चाचणीशिवाय थेट लिहा: क्रुसेई आणि ॲस्परजिलसवर फ्लुकोनॅझोल नाही; क्रिप्टोकॉकस, ट्रायकोस्पोरॉन आणि म्यूकरेलीसवर एकायनोकँडिन (कॅस्पोफंजिनसारखी औषधं) नाही; म्यूकरेलीसवर फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल नाही.

पायरी ८: ब्रॉथ मायक्रोडायल्युशन

औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रता असलेल्या खाचांमध्ये बुरशी वाढवून पाहायच्या या चाचणीच्या दोन मान्य संदर्भ पद्धती आहेत, अमेरिकेतल्या सीएलएसआय संस्थेची आणि युरोपातल्या युकास्टची. एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. दोन्हींत आरपीएमआय १६४० माध्यम एमओपीएस या बफरने पीएच ७.० ला आणलेलं असतं, पण सीएलएसआयमध्ये ग्लुकोज ०.२% आणि युकास्टमध्ये २%. यीस्टची अंतिम संख्या सीएलएसआयमध्ये मिलिलिटरला ५०० ते २,५००, युकास्टमध्ये त्याच्या शंभर पट. सीएलएसआय डोळ्यांनी वाचतात, युकास्ट ५३० नॅनोमीटरवर यंत्राने. एका पद्धतीने प्लेट लावून दुसरीचा ब्रेकपॉइंट (संवेदनशील की प्रतिरोधी हे ठरवणारी मर्यादा) लावला तर रिपोर्ट निरर्थक ठरतो.

औषध शुद्ध पावडरचंच घ्या, गोळी कुटून नाही. पावडरच्या पोटेन्सीनुसार वजन दुरुस्त करा. फ्लुकोनॅझोल पाण्यात विरघळतं. ॲम्फोटेरिसिन बी, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल डीएमएसओ या द्रावकात. ॲम्फोटेरिसिन उजेडापासून जपा. भरलेल्या प्लेट उणे ७० अंशांवर ठेवता येतात, पण एकदा वितळलेली पुन्हा गोठवू नका.

सीएलएसआय पद्धतीत यीस्टसाठी २४ तासांच्या ताज्या कल्चरमधल्या, सुमारे १ मिलिमीटरच्या पाच कॉलनी ५ मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळा. ०.५ मॅकफार्लंडच्या गढूळपणाला आणा. मग आधी ५० पट, नंतर आरपीएमआयमध्ये २० पट पातळ करा. दुप्पट तीव्रतेच्या औषधाचे १०० मायक्रोलिटर असलेल्या प्रत्येक खाचेत याचे १०० मायक्रोलिटर घाला. एक खाच औषधाविना वाढीसाठी, एक बुरशीविना निर्जंतुकतेसाठी. पातळ केलेल्या द्रावाचे १० मायक्रोलिटर प्लेटवर पसरा. दुसऱ्या दिवशी १० ते ५० कॉलनी दिसल्या तर संख्या बरोबर होती. हे मोजणं सगळे टाळतात आणि एमआयसी वर-खाली होण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

तंतुमय बुरशीसाठी बीजाणू धरलेल्या कल्चरवर ट्वीन २० चा थेंब घातलेलं सलाइन ओता, बीजाणू हळूच सोडवा, तीन ते पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि वरचा एकसंध भागच घ्या. खालचे तंतूंचे गठ्ठे आले तर एमआयसी खोटा वाढतो. ॲस्परजिलससाठी ५३० नॅनोमीटरवर घनता ०.०९ ते ०.१३ हवी. मग ५० पट पातळ करा.

प्रत्येक वेळी सोबत नियंत्रण जाती लावा: कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ आणि क्रुसेई एटीसीसी ६२५८. सीएलएसआय पद्धतीने २४ तासांनी फ्लुकोनॅझोलचा एमआयसी पहिल्यासाठी ०.५ ते ४ आणि दुसऱ्यासाठी ८ ते ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर यायला हवा. बाहेर गेला तर त्या दिवशीचे रुग्णांचे निकाल देता येणार नाहीत, निकड कितीही असो.

पायरी ९: वाचन

कॅन्डिडा ३५ अंशांवर २४ तासांनी, क्रिप्टोकॉकस ७२ तासांनी वाचा. ॲझोल (फ्लुकोनॅझोलसारखी औषधं) आणि एकायनोकँडिनसाठी, औषधाविना खाचेच्या तुलनेत वाढ साधारण निम्मी झालेली पहिली खाच म्हणजे एमआयसी. ॲम्फोटेरिसिनसाठी वाढ पूर्ण थांबलेली. ॲझोलमध्ये अल्बिकन्स आणि ट्रॉपिकॅलिसची पुसट वाढ पुढच्या सगळ्या खाचांत रेंगाळते. तिला ट्रेलिंग म्हणतात, तो प्रतिरोध समजू नका, विशेषतः ४८ तासांनी वाचताना.

म्यूकरेलीस २४ तासांनी, ॲस्परजिलस ४८ तासांनी. ॲस्परजिलसवर इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल आणि ॲम्फोटेरिसिनसाठी पूर्ण थांबलेली वाढ पाहतात. एकायनोकँडिनमध्ये वाढ थांबत नाही, तिचं रूप बदलतं: लांब तंतूंऐवजी आखूड, फाटेदार, घट्ट गोळे. असं रूप दिसणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे एमईसी.

यीस्टसाठी डिस्क पद्धत सोपी आहे. म्युलर-हिंटन आगरमध्ये २% ग्लुकोज आणि मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम मिथिलीन ब्लू, ०.५ मॅकफार्लंड, फ्लुकोनॅझोल २५ मायक्रोग्रॅमची डिस्क, २० ते २४ तास. वर्तुळाच्या आतल्या बारीक कॉलनी सोडून, जिथे वाढ एकदम कमी होते ती कड मोजा. स्वयंचलित यंत्रं वेळ वाचवतात, पण काही यंत्रांवर ऑरिसचा ॲम्फोटेरिसिन एमआयसी खोटा जास्त येतो. तसा निकाल दुसऱ्या पद्धतीने तपासूनच पाठवा. कॅस्पोफंजिनचे आकडेही प्रयोगशाळेनुसार फार बदलतात, मायकाफंजिन किंवा ॲनिड्युलाफंजिन अधिक भरवशाचे.

पायरी १०: आकड्याचा अर्थ

समजा फ्लुकोनॅझोलचा एमआयसी १६ आला. सीएलएसआयच्या निकषांनी अल्बिकन्ससाठी हा प्रतिरोध, कारण तिथे ८ पासून प्रतिरोध धरतात. ग्लाब्राटासाठी हाच आकडा 'डोस वाढवल्यास संवेदनशील' या गटात पडतो, तिथे प्रतिरोध ६४ पासून. ऑरिससाठी अमेरिकेच्या सीडीसीने दिलेली तात्पुरती मर्यादा ३२ आहे. क्रुसेई असेल तर आकडा लिहायचाच नाही. नाव चुकलं असतं तर एकाच आकड्यावरून चार वेगवेगळे उपचार झाले असते.

ब्रेकपॉइंट आणि ईसीव्ही यांची गल्लत करू नका. ब्रेकपॉइंटमागे उपचारांच्या निष्पत्तीचा आणि औषधाच्या शरीरातल्या पातळीचा विचार असतो. ईसीव्ही एवढंच सांगतं की ही जात त्या प्रजातीच्या नेहमीच्या, बदल न झालेल्या जातींसारखी आहे की नाही. त्याच्या आधारावर 'संवेदनशील' लिहिता येत नाही, 'वाइल्ड टाइप' किंवा 'नॉन-वाइल्ड टाइप' लिहितात. दोन्ही उपलब्ध नसतील, जसं बऱ्याच विरळ बुरश्यांचं असतं, तर फक्त एमआयसी द्या आणि अर्थ लावण्याचे निकष नाहीत हे स्पष्ट लिहा. तक्ते नव्या आवृत्तीत बदलतात, भिंतीवर चिकटवलेला जुना कागद वाचून रिपोर्ट देऊ नका.

ॲस्परजिलस फ्युमिगॅटसमध्ये सीएलएसआयनुसार व्होरिकोनॅझोल एमआयसी २ किंवा अधिक असेल तर प्रतिरोध. त्यामागे बहुतेक वेळा सीवायपी५१ए जनुकातले टीआर३४/एल९८एच यांसारखे बदल असतात. शेतीत फवारलेल्या ॲझोलच्या दबावाखाली वातावरणातच ते तयार होतात असं मानलं जातं, म्हणजे ॲझोल कधीच न घेतलेल्या रुग्णातही अशी जात मिळू शकते. एकाच रुग्णाच्या कल्चरमध्ये प्रतिरोधी आणि संवेदनशील जाती मिसळलेल्या असू शकतात, त्यामुळे चाचणीसाठी एकच कॉलनी न उचलता अनेक घ्या.

रिपोर्टमध्ये नमुना, थेट सूक्ष्मदर्शकात दिसलेलं, बुरशीचं नाव आणि ते कोणत्या पद्धतीने ठरवलं, एमआयसी, वापरलेली संदर्भ पद्धत आणि तिची आवृत्ती, एवढं असू द्या. निर्जंतुक जागेतून आलेली प्रत्येक बुरशी जपून ठेवा: निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून खोलीच्या तापमानाला, आणि ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर. रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा तोच आजार घेऊन आला, तर जुनी आणि नवी जात एकाच दिवशी, एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी लावूनच सांगता येतं की औषधाला प्रतिरोध उपचाराच्या काळात तयार झाला की आधीपासूनच होता.